बाराव्या वळणानंतर

तारीख चार मार्च, मंगळवार. रक्कम साठ डॉलर. तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलं की आमच्या खिशातून द्यायचा तो हिस्सा, बाकीचं विमा कंपनी बघते. हजर चार माणसं: न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर, आमची मुलगी केतकी, माझी बायको मंजिरी आणि मी. केतकी एकोणतीस वर्षांची. खोलीतले दिवे मंद केले होते, तरी तिनं गडद चष्मा लावला होता आणि टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.

डॉक्टरांनी चाकाचं स्टूल ओढलं, तिच्या अगदी समोर बसल्या आणि आवाज खाली आणला. "डिसेंबरातला अपघात हा पहिला मार नव्हता," त्या म्हणाल्या. "त्याआधीचे तू धरलेच नाहीस. आणि त्यानंतरही तू शर्यती केल्यास. आता बर्फावर स्लेडमध्ये बसायचं नाही."

"या सीझनला?" केतकीनं विचारलं.

"कधीच."

"ओके," केतकी म्हणाली. एवढंच.

बरं व्हायला किती काळ लागेल, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, महिने लागतील, किती ते सांगता येणार नाही, आणि सगळं परत येईल असंही सांगता येणार नाही. माझी नोकरी विमा कंपनीत जोखमीचे आकडे मांडायची. समोरचं माणूस 'सांगता येत नाही' म्हणालं की मी सवयीनं विचारतो, 'अंदाजे?' त्या दिवशी विचारलं नाही.

परत येताना लिफ्ट खाली निघाली तशी केतकीनं डोळे मिटले आणि कठडा घट्ट धरला. तासाला सव्वाशे किलोमीटरच्या वेगानं बर्फावरून खाली येणारी मुलगी तीन मजले उतरताना घामेजली होती. गाडीत बसून दार लावल्यावर ती म्हणाली, "बाबा, शी हॅज नेव्हर सीन मी ड्राइव्ह."

डॉक्टरांचा शब्द तिनं मानलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. ती परत स्लेड चालवू शकेल की नाही, याचा निकाल ती स्वतः लावणार होती.

&nbsp;

हे मी ज्यांच्या घरात डोक्याला मार लागलेलं माणूस आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. लोक त्यावर सह्या करतात. डोक्याच्या आत मोडलं तर काहीच दिसत नाही, आणि चांगली धडधाकट मुलगी अंथरुणात का पडून आहे, हे भेटेल त्याला समजावत बसावं लागतं. शेवटी सगळं ठीक झालं, असं वाचायला मिळेल या आशेनं हे वाचू नका. तसं झालेलं नाही. पण त्या महिन्यांत मला असं काही कुणी लिहिलेलं मिळालं असतं, तर मी ते दोनदा वाचलं असतं.

&nbsp;

केतकी करते काय, हे सांगायला मला इथल्या मराठी मंडळात नेहमीच वेळ लागायचा. बॉबस्लेड म्हणजे बर्फाच्या अरुंद नळीतून डोंगरावरून खाली येणारी, पोलादी पात्यांवर घसरणारी गाडी. दोघी जणी ती ढकलत पळतात आणि उड्या मारून आत बसतात. पुढची पायलट. तिच्या हातात दोन कड्या असतात, दोऱ्यांना बांधलेल्या. त्या ओढून ती पाती वळवते. मागची ब्रेकवूमन. ती डोकं गुडघ्यांत घालून बसते आणि शर्यत संपली की ब्रेक ओढते.

इथे श्रूजबरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या पोटेकाकूंनी हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "म्हणजे घसरगुंडीच की हो!"

"करेक्ट, काकू," केतकी म्हणाली होती. "नॅशनल घसरगुंडी चॅम्पियन."

आणि ती खरंच चॅम्पियन होती. कॉलेजात ती गोळाफेक करायची. तिथून कुणीतरी तिला या खेळात आणलं. दोन वर्षं ती मागे बसली. मग पुढे बसायचा हट्ट धरला. देशातली स्पर्धा दोनदा जिंकली, युरोपात एकदा सोन्याचं पदक मिळवलं. आमच्या ओळखीतली इतर मुलं डॉक्टर झाली, सांता क्लारात मोठ्या कंपन्यांत लागली. केतकी हिवाळाभर बर्फावर आणि उन्हाळाभर एका सामानाच्या दुकानात कामाला असे, कारण या खेळात जिंकणाऱ्यालाही पोटापुरतं मिळत नाही. सगळ्यांत महाग चीज म्हणजे स्लेड. ती जुनीच घेतली होती, पण तिची स्वतःची.

तिच्या मागे बसायची ती डेना. ओहायोची, उंच, मोठ्यानं हसणारी. केतकीच्या तोंडून ऐकून ती मलाही 'काका' म्हणायला लागली आणि पहिली काही वर्षं ते माझं नाव आहे असं समजत होती.

शर्यती बघायला आम्ही दोघं जमेल तेव्हा जायचो. आई-बापांची जागा नेहमी खाली, शेवटच्या वळणाशी. वरून आवाज येतो, कंप येतो, आणि डोळ्यांची पापणी लवते तोवर आपली मुलगी समोरून निघून गेलेली असते. वर, सुरुवातीच्या शेडमध्ये काय चालतं ते आम्ही कधी पाहिलं नाही. पुढे आमची जी चूक झाली, ती यातूनच झाली.

&nbsp;

डिसेंबरात सरावात तिची स्लेड उलटली आणि कुशीवर घसरत खाली आली. केतकी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली, अंगठा वर केला. डोकं जड होणं हे त्या खेळात सर्दीसारखं धरतात. त्याला त्यांचं स्वतःचं नाव आहे, 'स्लेड-हेड'. एक दिवस आराम, दोन गोळ्या, परत बर्फावर. तिनं तेच केलं. कुणी तिला ढकललं नाही. तिला अडवणं सोपं नव्हतं, एवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटी डेनाचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"काका, शर्यत झाली. आम्ही चौथ्या आलो."

"छान की."

"नाही. ती स्लेडमधून उतरली आणि मला विचारलं, आपण कुठल्या देशात आहोत. मी हसले. मला वाटलं जोक आहे." मग म्हणाली, "यू नीड टू कम गेट हर."

आम्ही गेलो आणि तिला घरी घेऊन आलो. वाटेत तिनं चार वेळा विचारलं, जेवण झालं का. आम्ही चारही वेळा सांगितलं, झालं.

&nbsp;

तिची शाळेच्या वेळची खोली आम्ही काळी केली. जाड पडदे, दाराच्या फटीला टॉवेल. टीव्ही नाही, फोन नाही, वाचन नाही. मेंदूला विश्रांती, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सगळ्यांत मोठा शत्रू ठरला कुकर. पहिल्याच दिवशी शिट्टी झाली आणि वरून असा आवाज आला की मंजिरीनं हातातला डाव टाकून दिला आणि जिन्यावर धावली. केतकी कानांवर उशी दाबून जमिनीवर बसली होती. तेव्हापासून आमच्याकडे वरण उघड्या पातेल्यात शिजायला लागलं. फोडणी मंजिरी मागच्या डेकवर, कॅम्पिंगच्या छोट्या शेगडीवर करायची. मार्चच्या थंडीत, अंगात जाड कोट, हातात कढलं.

लोक येत. येऊ नका म्हटलं तरी येत. कुजबुजत्या आवाजात विचारत, "नक्की झालंय काय पण?" एक गृहस्थ मला दिवाणखान्यात म्हणाले, "आमच्या वेळी आपण झाडावरून पडायचो, आई एक धपाटा घालायची, संपलं." मी त्यांना चहा दिला. धपाट्याचं बोलल्या नाहीत अशा दोनच व्यक्ती: पोटेकाकू, ज्या रोज दाराबाहेर डबा ठेवून बेल न वाजवता निघून जात, आणि आमचा टपालवाला.

मंजिरी आणि मी भांडायचो, तेही कुजबुजतच. गॅरेजमध्ये जाऊन. तिथे केतकीची स्लेड ताडपत्रीखाली होती.

"ही आधी घरातून काढा," मंजिरी म्हणायची.

"तिची आहे. तिला विचारल्याशिवाय कशी काढू?"

"तिला विचारून सगळं केलं, म्हणून तर ही वेळ आली."

"मग तू सांग तिला."

"अहो, मी सांगितलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही सांगितलंत तर ती तुमच्याशी बोलणार नाही. निदान एकाशी तरी बोलू दे."

मग आम्ही काही वेळ तिथेच उभे राहायचो, कारण घरात गेलं की पुन्हा दबक्या पावलांनी चालावं लागणार होतं.

&nbsp;

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मंजिरीला ते पहिल्यांदा दिसलं. दुपारी ती पाणी द्यायला गेली. केतकी उताणी, डोळे मिटून पडली होती, आणि पांघरुणाखाली दोन्ही हात हलत होते. मोठे झटके नव्हते. मुठी किंचित आवळायच्या, सुटायच्या. कधी डावी, कधी उजवी. मान थोडी एका बाजूला कलायची. मग एकदम सगळं शांत. पुन्हा थोड्या वेळानं तेच.

मंजिरी तशीच धावत खाली आली. "तिला फिट्स येताहेत," ती म्हणाली.

मी दाराशी उभा राहून पाहिलं. मलाही तेच वाटलं. केतकीला विचारलं तर ती म्हणाली, "आय वॉज स्लीपिंग." म्हणजे आपल्याला काय होतंय हे तिला कळतही नाही, असा आम्ही अर्थ काढला. मी फोनवर चित्रण केलं आणि डॉक्टरांना पाठवलं. त्यांनी तिला दाखल करून घेतलं.

हॉस्पिटलात तिच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, वर पट्टी गुंडाळली. एक कॅमेरा सारखा तिच्याकडे रोखलेला. नर्स दर थोड्या वेळानं येऊन तेच विचारायची: नाव सांग, आज कुठला वार, आपण कुठे आहोत. एक वयस्कर नर्स होती. ती प्रश्न विचारताना उत्तर स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्यावर बोटानं दाखवायची आणि डोळा मारायची. केतकी त्या दोन दिवसांत एकदाच हसली, ती तिच्यामुळे. बाकी वेळ ती छताकडे बघत राही आणि हात अंगाशी सरळ ठेवी. हात एकदाही हलले नाहीत.

मेंदूच्या आलेखात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, फिट नाही. मग काय आहे? माहीत नाही. घरी जा, लक्ष ठेवा.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी हात पुन्हा हलायला लागले.

त्या दिवसांतली भीती मला नीट लिहिता येत नाही. आजाराची भीती एक, आणि आजाराला नाव नसल्याची दुसरी. मंजिरी पूजेला बसायची आणि अर्ध्यावर उठायची. मी ऑफिसचं काम घरून करत होतो. स्क्रीनवरचे आकडे मला दिसत, पण बेरीज दोनदा करूनही पटत नसे.

&nbsp;

एप्रिलमध्ये डेना आली. मोजे घालून, पाय न वाजवता वर गेली आणि पलंगाशी जमिनीवर बसली. केतकी झोपली आहे असं तिला वाटलं, म्हणून काही बोलली नाही. मी दारात होतो. थोड्या वेळानं पांघरुणाखालचे हात सुरू झाले.

डेनानं त्या हातांकडे पाहिलं. मग तिनं स्वतःचं डोकं खाली गुडघ्यांत घातलं आणि तिचं शरीर हलायला लागलं. केतकीची मान डावीकडे गेली की डेना डावीकडे कलायची. उजवीकडे गेली की उजवीकडे. दोघींचे डोळे मिटलेले. मग केतकीचे हात थांबले आणि त्याच क्षणी डेनानं दोन्ही मुठी मागे खेचल्या, ब्रेक ओढल्यासारख्या.

खाली स्वयंपाकघरात येऊन ती रडायला लागली. मंजिरीनं तिला खुर्चीत बसवलं.

"काकू, त्या फिट्स नाहीत. शी इज ड्रायव्हिंग."

"काय?"

"सगळे पायलट करतात. शर्यतीआधी, शेडमध्ये. डोळे मिटून सगळा ट्रॅक मनात चालवायचा. हातांसकट. तुम्ही कधी पाहिलं नाही?"

आम्ही पाहिलं नव्हतं. आम्ही नेहमी खाली उभे होतो.

"हा आपला सरावाचा, डोंगरातला ट्रॅक आहे," डेना म्हणाली. "मी वळणं ओळखते. ती दिवसभर हेच करत असेल, तर तिनं या महिन्यात जितक्यांदा चालवलं तितक्यांदा कुणी अख्ख्या करिअरमध्ये चालवत नाही."

म्हणजे काळे पडदे, उघड्या पातेल्यातलं वरण, डेकवरची फोडणी, दाराला टॉवेल, हे सगळं आम्ही करत होतो आणि आत ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत शर्यत करत होती. मेंदूला विश्रांती एक दिवसही मिळाली नव्हती. डॉक्टरांना मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला थांबवा."

मी वर गेलो. अंधारात तिच्या पायांशी बसलो.

"डेनानं सांगितलं?" तिनं विचारलं.

"हो."

"ट्रेटर."

"केतकी, डॉक्टर म्हणतात हे बंद करायला हवं. यानं बरं व्हायला उशीर होतोय."

तिचं मराठी लहानपणी थांबलंय, म्हणून ती मोठ्या गोष्टी छोट्या शब्दांत सांगते. "बाबा, बाकी सगळीकडे दुखतं. तिथे नाही दुखत."

"माहीत आहे," मी म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं.

"मी नाही केलं तर विसरून जाईन."

"आणि केलंस तर बरी होणार नाहीस."

"सो पिक वन," ती म्हणाली. "यू आर द रिस्क गाय."

मी म्हणालो, दोन महिने थांब. दोन महिन्यांनी डॉक्टर हो म्हणाल्या तर मी स्वतः शेजारी बसेन आणि तू चालव. तिनं हात पुढे केला, सौदा झाल्यासारखा. तिची पकड अजून तशीच होती.

&nbsp;

पण हात थांबेनात. तिनं ठरवलं तरी ते आपोआप सुरू व्हायचे. उपाय मंजिरीला सुचला. देवघरातला कापूस घेऊन ती वर गेली, पलंगावर मांडी घालून बसली आणि अंधारात केतकीच्या बोटांना वाती वळायला शिकवल्या. त्याला उजेड लागत नाही, आवाज नाही, विचार नाही. बोटांना थोडं दूध लावायचं, कापूस ओढायचा, वळायचा.

"आई, धिस इज सो बोअरिंग."

"बोअरच व्हायचंय तुला. तेच औषध आहे."

पहिल्या वाती सुरवंटासारख्या झाल्या. मग सुधारल्या. अख्ख्या मंडळाला पुरतील एवढ्या वाती आमच्याकडे साठल्या. पोटेकाकू म्हणाल्या, "अगं, देवसुद्धा आता दमला असेल उजेडानं." त्या महिन्यांतली खरी बरी गोष्ट कुठली विचाराल तर ही. मायलेकी अंधारात तासन्‌तास बसायच्या. काय बोलायच्या मला माहीत नाही. एकदा आतून दोघींचं हसू ऐकू आलं आणि मी जिन्यातच बसून राहिलो.

मे महिन्यात ती पडदा थोडा उघडू द्यायला लागली. जूनमध्ये टपालपेटीपर्यंत चालत जाऊन यायची आणि येऊन दोन तास झोपायची. बोलताना शब्द अडायचे. काट्याला ती 'तो चमचा, ज्याला बोटं आहेत' म्हणाली. आम्ही हसलो, तीही हसली, पण शब्द तिला आठवला नव्हता. आपण आता मोटार चालवणार नाही, हे तिनं आपण होऊनच ठरवलं.

दोन महिने झाले तसं मी डॉक्टरांना विचारलं, तिला मनात एकदा ट्रॅक चालवू द्यायचा का. त्या म्हणाल्या, एकदा करून बघू दे, थोडा वेळ. आता त्यानं फारसं बिघडणार नाही. 'आता' या शब्दावर मी अडकलो, पण केतकीला काही बोललो नाही.

&nbsp;

जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी ती खुर्चीत बसली. मी समोर. मंजिरीनं यायला नकार दिला. ती खाली भाजी निवडत होती. केतकीनं दोन्ही हात पुढे धरले, कड्या पकडल्यासारखे, आणि डोळे मिटले.

मी तिला एवढ्या जवळून चालवताना पहिल्यांदाच पाहत होतो. चेहरा इतका शांत की ओळखू येईना. हात जेमतेम हलत होते, जाणवेल न जाणवेल इतके. दर वळणाला ती ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायची. सेव्हन. एट. नाइन. खांदा कलायचा, सरळ व्हायचा. टेन. इलेव्हन. ट्वेल्व्ह.

हात थांबले.

ती तशीच बसून राहिली. मग पुन्हा सुरुवातीपासून. ट्वेल्व्ह, आणि थांबली. तिसऱ्यांदा. या वेळी तिच्या कपाळावर घाम होता, आणि बाराव्या वळणाला तिचे हात हवेत काहीतरी चाचपत होते. अंधारात दिव्याचं बटण शोधतो तसे.

तिनं डोळे उघडले. "बाबा, व्हॉट कम्स आफ्टर ट्वेल्व्ह?"

मला कुठून माहीत असणार? मी शेवटच्या वळणाशी उभा राहणारा माणूस.

"आठवेल," मी म्हणालो. "आज दमलीस."

"नाही," ती म्हणाली. "दमले नाही. तिथे पांढरं आहे. तिथे ट्रॅकच नाही." मग शांतपणे, मला समजावल्यासारखं, "आय वुड हॅव किल्ड डेना."

मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं तो निदानाचा दिवस असं आम्ही धरलं होतं. तसं नव्हतं. तो हा दिवस होता. ती रडली नाही. उठली, खाली गेली आणि आईजवळ बसून भाजी निवडायला लागली. मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा मंजिरी रडली. स्लेड घरातून काढा म्हणून महिनोन्‌महिने सांगणारी बाई, ती रडली, आणि केतकी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "आई, इट्स ओके. आई."

&nbsp;

केतकीनं विकायला काढलेली स्लेड घ्यायला जुलैत मॅडी नावाची मुलगी आली. मिनेसोटाहून, ट्रेलर घेऊन. बावीस वर्षांची, नवी पायलट. बरोबर डेना होती. पुढच्या हिवाळ्यात डेना मॅडीच्या मागे बसणार होती. हे डेनानं केतकीला आधीच फोनवर विचारलं होतं आणि केतकीनं तिला सांगितलं होतं, "अगं मूर्ख, विचारतेस काय?"

केतकी गॅरेजच्या पायरीवर चष्मा-टोपीत बसली. मॅडीनं ताडपत्री काढली, पात्यांवरून बोट फिरवलं. मग भाबडेपणानं विचारलं, "सरावाच्या ट्रॅकवर बाराव्या वळणाच्या पुढे मला नेहमी भिंत लागते. तू तिथून कशी काढायचीस?"

डेनानं चटकन केतकीकडे पाहिलं.

"डेनाला विचार," केतकी म्हणाली. "ती रोज माझ्या मागेच होती. डोकं गुडघ्यांत घालून."

डेना हसली, मग मॅडीही. ट्रेलर वळून रस्त्याला लागेपर्यंत केतकी हात हलवत उभी होती. मग तिनं गॅरेजच्या दाराचा आधार घेतला आणि तिथेच ओकली.

स्लेडचे तेरा हजार डॉलर आले. बक्षिसाचे पैसे त्या दोघी नेहमी निम्मे करायच्या. केतकी म्हणाली, याचेही निम्मे डेनाला. मी म्हणालो, बक्षिसाची गोष्ट वेगळी. स्लेड तुझ्या एकटीच्या पैशांची होती. "बाबा," ती म्हणाली, "तिच्यावर दोघींचं वजन होतं."

चेक मी लिहितो म्हटलं, तर तिनं पुस्तक ओढून घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, एक डोळा मिटून, अक्षर अक्षर लिहिलं. फार वेळ लागला. आयुष्यभर मी समोरचा कागद तपासल्याशिवाय पुढे सरकवलेला नाही. त्या दिवशी मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. तिनं पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, आणि स्वतः टपालपेटीपर्यंत गेली. परत आली तेव्हा चेहऱ्यावर जरा रंग होता.

ऑगस्टमध्ये तिच्या बँकेचं विवरण आलं. आता तिची कागदपत्रं मी बघतो, तिच्याच सांगण्यावरून. डेनाच्या चेकपोटी गेलेली रक्कम पासष्ट डॉलर होती. मी चेकची प्रतिमा उघडली. आकड्यात साडेसहा हजार बरोबर होते. अक्षरात 'सिक्स्टी फाइव्ह' लिहून पुढे 'हंड्रेड' राहिलं होतं. आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षर धरायचं, हा नियम मला पाठ आहे.

मी डेनाला फोन केला.

"काउंटरवरच्या बाईनं दाखवलं मला," ती म्हणाली. "म्हणाली, नवा चेक मागून घे. मी म्हटलं, नको, पासष्टच जमा कर."

"अगं, का?"

"काका, मी काय सांगणार होते तिला? की तुला आता लिहिताही येत नाही?"

मी विवरणाचा कागद पालथा घातला.

"तिला सांगू नका," डेना म्हणाली. "प्लीज. आय डोन्ट वॉन्ट द मनी."

सांगायचं म्हणजे तिच्याकडून दुसरा चेक लिहून घेणं आलं. केतकी वर झोपली होती. मंजिरीला मी विवरण दाखवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं, घडी केली आणि म्हणाली, "तुम्ही भरा. पण तिचा शब्द पुरा करा."

त्याच दुपारी मी माझ्या खात्यातून डेनाच्या नावानं सहा हजार चारशे पस्तीस डॉलरचा चेक लिहिला. आकडा आणि अक्षर दोनदा ताडून पाहिलं. डेनाला साडेसहा हजार पोचले: पासष्ट केतकीकडून, बाकीचे माझ्याकडून. केतकीला वाटतं, सगळे तिनंच दिले.